अंदाज आणि आकडा

साठ जणांच्या आमटीला मीठ किती लागतं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. हात बरणीत जातो आणि हवं तेवढंच घेऊन वर येतो. सदाशिव पेठेत डबे करायला लागून बावीस वर्षं झाली. स्पर्धा परीक्षांची मुलं येतात, तीन-चार वर्षं राहतात, कुणी साहेब होऊन पेढे घेऊन येतो, कुणी न सांगताच गावी निघून जातो. एवढ्या वर्षांत ‘काकू, आज मीठ पडलंय जास्त’ हे वाक्य पाच-सहा वेळा ऐकलं असेल. कणकेच्या गोळ्याकडे बघून पोळ्या किती होतील ते मी सांगते, आणि दोन-चार इकडेतिकडे सोडल्या तर तेवढ्याच होतात. घरात वजनकाटा आहे, पण तो मसाल्यांपुरता. बाकी सगळा कारभार अंदाजाचा. त्या अंदाजाचा मला चांगलाच ताठा होता.

२०१८ च्या श्रावणात सहा महिन्यांत दुसऱ्यांदा चष्म्याचा नंबर बदलला, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. उपाशीपोटी १४२, जेवणानंतर २१८, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगणारं एचबीएवनसी ७.३ टक्के. उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीएवनसी साडेसहा किंवा वर, म्हणजे मधुमेह. वाद घालायला जागाच नव्हती.

आमचे हे म्हणाले, “त्यांचंच काहीतरी चुकलंय. तू केवढीशी!” माझं वजन ५४ किलो. मधुमेह म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर ढेरीवाले शेटजीच यायचे. त्यावर आमच्या डॉक्टरबाईंनी मला पुण्याचीच गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांचे फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात शेजारी शेजारी छापून आले होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मोजली तर इंग्लंडच्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. वरून सडपातळ, आतून तुपट. आपल्याकडची पुष्कळ माणसं अशीच, आणि त्यांत मीही. (लॅन्सेट म्हणजे बारीक शस्त्र. पुढे माझ्या बोटात रोज शिरणार होती त्या सुईचंही नाव तेच, हे मला नंतर कळलं.)

डॉक्टरबाईंनी लगेच गोळी लिहिली नाही. म्हणाल्या, “आकडे फार वर नाहीत, तीन महिने देते. जेवण बदला, जेवल्यावर चाला आणि एक ग्लुकोमीटर घ्या. काय काय खाता?”

“मी काही खातच नाही हो. करणाऱ्या बाईला भूक कुठली?”

त्यांनी मान वर केली नाही. “वहीत लिहून आणा,” म्हणाल्या.

साखर मोजणं मला तसं नवं नव्हतं. साताऱ्याला आमच्या अण्णांना मधुमेह होता, आणि १९८०-८१ च्या सुमाराला त्यांची ‘टेस्ट’ करणं हे माझं सकाळचं काम होतं. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं की साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशा पायऱ्या चढत विटकरी झालं की घरात दिवसभर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. निळं निघालं की अण्णा खूश, आणि खूश झाले की बाजारातून येताना जिलबी आणणार. लघवीत साखर उतरते तीच मुळी रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर, हे मला चाळीस वर्षांनी समजलं. म्हणजे १७५ असतानाही ते पाणी निळंच राहत असणार. त्या निळ्या रंगाच्या भरवशावर अण्णा किती जिलब्या खाऊन गेले! पुढे त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. सातवीतल्या पोरीने नळी नीट उकळली होती, त्यात माझी चूक काही नव्हती. तरी वाटायचं ते वाटतंच.

रक्तातली साखर घरच्या घरी मोजता येते, ही गोष्टच तशी अलीकडची. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनिअर होते, लहानपणापासून मधुमेही. १९६९ साली रक्तातली साखर मोजायचं यंत्र डॉक्टरांनाच विकत मिळे, रुग्णाला नाही. बर्नस्टीन यांची बायको डॉक्टर. त्यांनी ते बायकोच्या नावावर मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासून आपलं जेवण आणि इन्सुलिन बसवत आणलं. त्यांचं म्हणणं डॉक्टर ऐकून घेईनात, म्हणून चाळिशी उलटल्यावर ते स्वतःच वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. त्या माणसाच्या चिकाटीमुळे आज माझ्यासारखी डबेवाली काकू कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तेच काम करणारी मुठीएवढी डबी घेऊन येते.

तर वही. पहिल्याच दिवशी वहीने माझी अब्रू काढली. पहाटे साडेचारला चहा, दोन चमचे साखर. सहाला मावशी पोळ्यांना आल्या की त्यांच्याबरोबर दुसरा. भाजीची चव, आमटीची चव, गूळ घातल्यावर आमटीची परत चव. फुटलेली पोळी डब्यात घालता येत नाही, ती तुकड्या-तुकड्याने तोंडात. नऊला दूधवाल्याचा हिशेब करताना तिसरा चहा. डबे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, टाकवत नाही म्हणून ताक घालून. तीन वाजता ‘जेवण’, म्हणजे मी ज्याला जेवण म्हणत होते ते. संध्याकाळी हेच सगळं पुन्हा. चव म्हणजे केवढी, तर पळीभर. डबेवालीची पळी असते ती, चहाचा चमचा नव्हे. आठ दिवसांची पानं डॉक्टरबाईंसमोर ठेवली. त्या म्हणाल्या, “तुम्ही एकदाच खाता, पहाटे साडेचार ते रात्री दहा.”

तेव्हा आमच्या पेठेत, आणि बहुधा सगळ्या मराठी मुलखात, दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेला विचार त्यांनी घरोघर पोचवला होता: दिवसातून दोनदाच जेवा, आणि ते पंचावन्न मिनिटांच्या आत. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: घरचं, आपल्या मातीतलं, थोडं थोडं, वेळेवर. लग्नाच्या पंगतीत लोक ‘तुम्ही कोणाचे?’ असं विचारायचे, निवडणुकीत विचारतात तसं. मी कोणाचीच नव्हते. दोनदा जेवायचं म्हटलं तर चव कोण बघणार, आणि थोडं थोडं खाणं तर माझं आधीच जोरात चालू होतं! डॉक्टरबाईंनी मला पक्ष दिला नाही, रीत दिली. जेवणाआधी मोजा, दोन तासांनी मोजा, आणि फरक बघा. रोज नको, पण ज्या दिवशी मोजाल त्या दिवशी ताटात काय होतं ते लिहा. एक पट्टी वीसेक रुपयांची. माझा डबा तेव्हा साठ रुपयांना होता; तीन पट्ट्या म्हणजे एक डबा. उगाच मोजायची चैन परवडणारी नव्हती, आणि ते बरंच झालं.

सुरुवातीचे चार-सहा आठवडे मी जवळजवळ सगळं चुकीचं मोजलं. दोन तास मी हात धुतल्यापासून धरत होते. ते पहिल्या घासापासून धरायचे असतात. पट्ट्यांची डबी ओट्यावर, गॅसपासून हातभर अंतरावर. कुकरची वाफ, त्यात गडबडीत झाकण उघडं. पट्टीवर ग्लुकोजशी क्रिया करणारं एन्झाइम असतं. त्या क्रियेतून निघणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजून यंत्र आकडा दाखवतं. दमट हवेने ते एन्झाइम खराब होतं, म्हणून तर डबीत ओल शोषणारी पूड असते. मी पापडाचा डबा कधी उघडा ठेवत नाही, आणि वीस रुपयांची पट्टी वाफेला लावून ठेवली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी फीस्टला सीताफळ रबडी करायची ठरली. सासवडकडची मोठाली फळं आली होती. मावशी आणि मी दोन तास बसून गर काढला, बिया निवडल्या. दुपारी आठवलं, आज मोजायचंय. बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, यंत्रावर आकडा आला ३४१. माझे पाय गळाले. अण्णांचा अंगठाच डोळ्यांसमोर आला. ह्यांनी रिक्षा बोलवायची तयारी केली. फोन लावला तर डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केला, “आज स्वयंपाकात गोड काय होतं?” मग साबण लावून, नळाखाली धुऊन, कोरडा हात करून पुन्हा मोजायला सांगितलं. १३९. फळाचा चिकटा स्पिरिटने निघत नाही, साबण आणि पाणीच लागतं. रक्ताचा थेंब इतका सूक्ष्म, की त्यात नखाच्या कडेला राहिलेल्या गराची साखर मिसळली की तो आकडा माझा राहत नाही, सीताफळाचा होतो. आता पहिलाच आकडा विचित्र आला की मी आधी हात धुते, मग घाबरायचं का ते ठरवते.

टोचण्याचंही तंत्र असतं. सुई बोटाच्या टोकावर मधोमध टोचायची नाही, कडेला टोचायची. तिथे दुखतं कमी. पिळून पिळून रक्त काढायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातावर तशीही चांगली जागा कमी: उजव्या अंगठ्याला विळीची जुनी खूण, तर्जनीला तव्याचे चटके. मी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मोजणीसाठी राखून ठेवल्या आहेत. टोचून दहा मिनिटांनी त्याच बोटाने हिरव्या मिरच्या मोडल्या की काय होतं, ते एकदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. मोजणी स्वयंपाकघरात मुळीच करत नाही. दुसऱ्यांच्या पोरांचं अन्न आहे ते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून.

पहाटेच्या आकड्याने मला सगळ्यांत जास्त रडवलं. आदल्या रात्री फक्त वाटीभर मुगाचं कढण घेतलं, म्हटलं आता बघू. तर पहाटे १४१. ज्या रात्री नीट जेवले त्या पहाटे १२८. उपास करून शिक्षा, हा कुठला न्याय? डॉक्टरबाईंनी समजावलं की पहाटेच्या सुमाराला अंगात कॉर्टिसॉलसारखी जागं करणारी संप्रेरकं वाढतात आणि यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाचं इन्सुलिन तिला आवर घालतं, माझं अपुरं पडतं. म्हणजे मी उठायच्या आधीच माझं यकृत उठून कामाला लागतं. डबेवालीचंच यकृत ते. तेव्हापासून उपाशीपोटीच्या आकड्यावरून आदल्या रात्रीच्या जेवणाला बोल लावणं सोडलं. जेवणाचा न्याय जेवणानंतरच्या आकड्यावरून करायचा.

आणि तिथे खरी गंमत सुरू झाली. ज्वारीची भाकरी. पेठेत कुणालाही विचारा, ‘शुगर आहे? भात-पोळी सोडा, भाकरी खा.’ मीही दोन भाकऱ्या खाऊन निर्धास्त. दोन तासांनी १९६. ज्वारीच्या पिठातही दोन तृतीयांशाच्या आसपास पिष्टच असतं; आमच्याकडची हातावर थापलेली एक भाकरी म्हणजे पिठाच्या हिशेबाने दोन-अडीच फुलके. भाकरी वाईट नाही, तिच्यात चोथा आहे, पोट भरतं. पण ती औषध म्हणून मोजायची नाही, भाकरी म्हणूनच मोजायची. एक भाकरी, भरपूर मेथी, वाटीभर मटकीची उसळ, दही: १५४.

भात मी सोडला नाही. कोकणातलं आजोळ, भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. पण त्याची जागा बदलली. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग पोळी, आणि अर्धी वाटी भात अगदी शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, पण उलट क्रमाने खाल्ले तर माझ्या वहीत वीस-पंचवीसचा फरक दिसतो. जेवून उठल्यावर नागनाथ पारापर्यंत जाऊन परत यायचं, पंधरा मिनिटं. त्याने साखर आणखी थोडी उतरते. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फार वाट बघावी लागत नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, ‘काकू, भर दुपारच्या कुठे निघालात?’ मी सांगायची, “भात पोचवायला.”

सगळ्यांत वाईट निघाला तो उपवास. आमच्याकडे संकष्टीला, एकादशीला उपवासाचे डबे असतात, आणि मी स्वतः बत्तीस वर्षं संकष्टी करत आले. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण ज्याने केली त्याने यंत्र न लावताच आकडा सांगितला होता. साबुदाण्याच्या खिचडीआधी ११६, दोन तासांनी २२७. त्या वर्षातला माझा सगळ्यांत मोठा आकडा, सीताफळाचा वगळता. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर नुसतं पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, बराचसा साबुदाणा बनतो तमिळनाडूत सेलमकडे, आणि तो आपल्या गणपतीला कसा चालू लागला, हे गणपतीच जाणे. उपवास मी मोडला नाही. दाण्याची आमटी पोटभर, तिच्याबरोबर भगर थोडी, काकडी, ताक. सासूबाई असत्या तर ‘हा कसला उपवास’ म्हणाल्या असत्या. आता निदान नावाला तरी उपवास आहे.

दोन महिन्यांनंतर मी वहीत एक रकाना वाढवला, आणि ही कल्पना माझी स्वतःची, डॉक्टरबाईंची नाही. टोचण्याआधी मनाशी आकडा धरायचा आणि तो लिहायचा. मग यंत्र काय म्हणतं ते लिहायचं. पहिल्या महिन्यात माझे अंदाज पार फसले, पन्नास-साठने. साठ माणसांचं मीठ हातावर कळणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगातली साखर कळत नव्हती! पण स्वयंपाक तरी कुणाला पहिल्या दिवशी येतो? होळीपर्यंत दहापैकी सात-आठ वेळा मी पंधराच्या आत यायला लागले. डॉक्टरबाईंना दाखवलं तर त्या पहिल्यांदाच खुर्चीतून पुढे झुकल्या. म्हणाल्या, यंत्रालाही याहून फार जास्त बरोबर असायचं बंधन नाही. जागतिक मानकाप्रमाणे शंभरच्या वरच्या आकड्यांत, शंभरपैकी पंच्याण्णव वेळा ते प्रयोगशाळेच्या आकड्यापासून पंधरा टक्क्यांच्या आत राहिलं म्हणजे झालं. म्हणजे यंत्राने दीडशे म्हटलं तर खरा आकडा एकशे तीसच्या आसपासही असू शकतो आणि एकशे सत्तरही. तेव्हापासून १४८ आणि १५६ यांच्यात मी भांडण लावत नाही. ह्यांनाही लावू देत नाही. त्यांना फार आवड.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला पटलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेहींवर वर्षभर पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. काही जण रोज मोजत होते, काही मोजतच नव्हते. वर्षाअखेर दोघांच्या एचबीएवनसीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला त्यात नवल वाटलं नाही. नुसतं मोजून साखर कमी होत असती तर वजनकाट्यावर उभं राहून वजनही उतरलं असतं. आकडा बघून ताटातलं काही हललं तर त्या वीस रुपयांना अर्थ. अंदाज बसू लागले तशी मी पट्ट्याही कमी केल्या. नवीन पदार्थ, लग्नाचं जेवण, ताप, रात्रीचं जागरण, एवढ्यापुरतंच. तापात अंदाज सपशेल चुकतो. काही न खाता साखर चढलेली असते.

त्याआधी डिसेंबरमध्ये एचबीएवनसी ६.७ आलं आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. मला जे लागू पडलं ते सगळ्यांना लावायला निघाले. डब्यातला भात निम्मा केला, उसळ वाढवली, बटाट्याची भाजी आठवड्यातून एकदाच, आमटीतला गूळ बंद. चौथ्या दिवशी पोरं दारात. “काकू, भात संपला का?” एकाने तर डबाच बंद केला, जाताना म्हणाला, “काकू, मला शुगर नाही, भूक आहे.” पहाटे चारला उठून पोलीस भरतीसाठी धावणारं पोरगं ते. माझ्या चोपन्न किलोच्या अंगाचा हिशेब मी त्याच्या ताटात मांडत होते. भात परत आणला, गूळ परत आला. गोड्या मसाल्याची आमटी गुळाशिवाय लागत नाहीच, खरं सांगायचं तर. त्या मुलाला मी निरोप पाठवला होता, पण तो दुसरीकडे लागला होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. दोन-तीन दिवसांत पेठ रिकामी झाली. साठ डब्यांवरून शून्यावर. खाडे मांडायचे तर सगळा महिनाच खाडा. पैशांची ओढाताण इतकी, की पट्ट्या आणायलाही जीव होईना. सप्टेंबरमध्ये रक्त तपासलं तर ६.३, आजवरचं सगळ्यांत चांगलं. चव बघायला काही नव्हतं, फुटकी पोळी नव्हती, तळाचा भात नव्हता, तीन वेळचा चहा नव्हता. धंदा बसला आणि साखर उतरली. ह्यांनी हिशेबाची वही आणि माझी वही शेजारी ठेवून दाखवली. हसलो आम्ही दोघं, पण फार वेळ नाही.

पुढच्या वर्षी मुलं परतली, शेगड्या पेटल्या, आणि आकडे हळूहळू वर सरकले. मी लबाडी करत नव्हते. चव आता चहाच्या चमच्याने बघायची आणि तीही दोनदाच, फुटकी पोळी गाईच्या घमेल्यात. तरीही २०२२ च्या दिवाळीनंतर ७.२. मी डॉक्टरबाईंकडे आरोपीसारखी गेले. त्या म्हणाल्या, “हा आजार पुढे सरकतो. वर्षं जातात तशी इन्सुलिन करणाऱ्या पेशींची ताकद कमी होत जाते. चार वर्षं जेवणावर काढलीत, आता गोळीची मदत घेऊ.” मेटफॉर्मिन, रात्रीच्या जेवणाबरोबर एक. त्या दिवशी मला हरल्यासारखं वाटलं. ‘अमुकने गोळ्या कायमच्या बंद केल्या’ असे निरोप मोबाइलवर रोज येत असतात, त्यांचा हा दोष. काहींचं होतंही तसं, वजन पुष्कळ उतरवलं तर. पण माझ्याकडे उतरवायला वजन होतंच कुठे? वर्षभरात एचबीएवनसी ६.६ वर आलं. गोळी घेतली म्हणून कोशिंबीर सुटली नाही, नागनाथ पारही सुटला नाही.

आता पेठेतल्या वडीलधाऱ्यांचे नऊ डबे वेगळे करते. ‘शुगरचे डबे’ हे नाव लोकांनी दिलंय, मी नाही. शेजारच्या वाड्यातले एक निवृत्त मास्तर त्यातले पहिले. पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आले, “वहिनी, तुमचा डबा खातो तरी साखर दोनशेच्या खाली येत नाही.” मी विचारलं, डब्याव्यतिरिक्त काय? “काही नाही. चहाबरोबर दोन खारी. आणि रात्री सून आग्रह करते म्हणून एक भाकरी. भाकरीचं काय एवढं.” मी त्यांना वही आणून दिली आणि तीन रकाने आखून दिले: काय खाल्लं, अंदाज किती, आकडा किती. मास्तर माणूस, मधल्या रकान्यात रमले. आता दर सोमवारी वही तपासून घ्यायला येतात, मीच त्यांची बाई असल्यासारखे. परवा त्यांनी १७० धरले होते आणि आले १६८. साऱ्या वाड्याला सांगत सुटले. औषधाचं विचारलं की मात्र मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे धाडते. माझ्या डब्याने साखर जाते, असं मी कुणालाही सांगत नाही.

उद्या संकष्टी आहे. साबुदाण्याच्या खिचडीचे चौदा डबे सांगून ठेवलेत. साबुदाणा भिजत घातलाय, दाण्याचं कूट झालंय. खिचडीची चव उद्या पोळ्यांच्या मावशी बघणार आहेत.